टंकलेखकास पाठीची खुर्ची अनुज्ञेय नाही

साकोलीच्या बस स्टँडसमोर चहाच्या टपरीवर आम्ही चार-पाच रिटायर्ड बाबू रोज संध्याकाळी बसतो. मागून कोणी हाक मारली, तर आमच्यातल्या एकाचीही मान वळत नाही. अख्खा माणूस वळतो! टपरीवाला म्हणतो, "बाबूलोक, तुमी सारे एकाच कारखान्यातून निघालेले दिसता." खरंच आहे त्याचं. एकाच ऑफिसात, एकाच जातीच्या खुर्च्यांवर आम्ही जन्म काढला.

अशी माणसं जमली की किस्से निघतातच. आमच्या ऑफिसातली फाईल कधी ना कधी निकाली निघायची. किस्से मात्र नुसते साचत गेले. एकानं सुरुवात केली की दुसरा कंबर धरून हसतो आणि हसता हसता चिडतो. मी तर आधीच चिडतो. बायको म्हणते, "आता कायले रक्त आटवता? झालं गेलं." झालं गेलं कसं? झालेलं सगळं माझ्या कमरेत शिल्लक आहे!

ऑफिस कोणतं ते सांगत नाही. सरकारी होतं, एवढं पुरे.

* * *

मी त्र्याहत्तर साली रुजू झालो. ऑफिस भाड्याच्या कवेलूच्या, म्हणजे कौलारू घरात होतं. पुढच्या खोलीत साहेब, मधल्या मोठ्या खोलीत आम्ही बाबू, आणि मागे, जिथं पूर्वी घरमालकाची धानाची कोठी होती, तिथं टायपिंगची खोली. पुढं शहाबादी फरशी, मागं शेणानं सारवलेली जमीन. म्हणजे पायाखालची फरशीसुद्धा हुद्द्याप्रमाणं!

खुर्च्यांचं तर विचारूच नका. साहेबांना हाताची, गादीची, पाठीवर पांढरा टॉवेल टाकलेली. बडेबाबूंना, म्हणजे आमच्या हेडक्लार्कना, हाताची आणि वेताची. आम्हा बाबूंना बिनहाताची. टायपिस्टला स्टूल. चपराशाला बाहेर बाक. कोण किती उंच आहे, कोण किती तास बसतो, असल्या क्षुल्लक गोष्टींचा विचार करायची पद्धत नव्हती. साहेब आठवड्यातले चार दिवस दौऱ्यावर, म्हणून गादी त्यांना. टायपिस्ट दिवसभर जागचा हलत नाही, म्हणून त्याला स्टूल!

माझ्या खुर्चीचा चौथा पाय आखूड होता आणि त्याच्याखाली एक वीट होती. पहिल्याच दिवशी बडेबाबूंनी डेडस्टॉक रजिस्टर पुढं केलं. ऑफिसातलं टेबल, खुर्ची, घड्याळ, पाण्याची घागर, सगळं ज्यात नोंदलेलं असतं ते हे रजिस्टर. एकदा एखादी वस्तू त्यात चढली की वरच्या ऑफिसच्या मंजुरीशिवाय ती फेकता येत नाही, मोडता येत नाही आणि कोणाला देताही येत नाही. मी सही करायला गेलो आणि वाचलं, 'खुर्ची, बिनहाताची, नग १. वीट, पक्की, नग १.'

"बडेबाबू, विटेची पण सही?"

"मंग! थे सरकारची हाय."

"त्यापेक्षा खुर्चीचा पायच दुरुस्त केला तर?"

बडेबाबूंनी मला चष्म्यावरून नीट पाहून घेतलं. "गायधने, पायाले वरची मंजुरी लागते. विटेले नाही लागत."

बडेबाबू वाईट माणूस नव्हता. पण माणसापेक्षा रजिस्टरवर त्याचा जास्त जीव होता. दर महिन्याच्या एक तारखेला तो खाली वाकून ती वीट बघून जायचा. त्या खुर्चीवर बसून माझी कंबर कुठं चालली आहे, हे मात्र त्यानं एकदाही पाहिलं नाही.

* * *

पुढच्या वर्षी आमच्याकडं निमजे बाई आल्या. सुशीला निमजे, आंधळगावच्या विणकराच्या घरची पोरगी. वय वीस-बावीस, उंची जेमतेम. टायपिंग असं की मशीनचा आवाज तुटायचाच नाही. आम्ही हात थांबवून ऐकत बसायचो.

त्यांच्या आधीचे टायपिस्ट डोंगरे ताडमाड उंच होते, आणि टायपिंगचं टेबल त्यांच्या मापाचं होतं. म्हणजे सगळ्या ऑफिसात मापानं केलेली एकच वस्तू होती आणि तिचं माप गेलेल्या माणसाचं होतं! निमजे बाई स्टुलावर बसल्या की टाईपरायटर त्यांच्या हनुवटीला लागायचा. हात खांद्याइतके वर करून टाईप करायच्या.

आठ दिवसांनी त्यांनी स्टुलावर जुन्या गॅझेटचे दोन जाड गठ्ठे ठेवले आणि वर बसल्या. हात बरोबर आले, पण पाय हवेत लोंबकळायला लागले. तरी त्या खूश होत्या. तेवढ्यात बडेबाबू आले.

"बाई! शासनाच्या राजपत्रावर बसता?"

बाई घाईनं उठल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "मंग यातलं रद्द झालेलं कोणतं थे सांगा जी. मी त्याच्यावरच बसन."

बडेबाबूंनी खरंच दोन दिवस गॅझेटं चाळली. पूर्ण रद्द झालेला एकही गठ्ठा निघाला नाही. गठ्ठे कपाटात गेले आणि बाई परत खाली आल्या.

* * *

तेव्हा बाईंनी रीतसर अर्ज केला. टेबल थोडं बुटकं करून मिळावं आणि पाठीला टेका असलेली एक खुर्ची मिळावी. दोनच ओळी. तो अर्ज वरच्या ऑफिसला गेला आणि सात महिन्यांनी उत्तर आलं, 'यापूर्वीच्या टंकलेखकाने अशी मागणी केल्याचे दिसून येत नाही. सबब टंकलेखकास पाठीची खुर्ची अनुज्ञेय नाही.'

हे उत्तर बाईंना कळवायचं पत्र टाईप कोणी करायचं? बाईंनी! पाच प्रतींत, चार कार्बन लावून. साहेबांनी पाचवी प्रत उजेडात धरून पाहिली. "पुसट आलीये. जरा जोर देऊन पुन्हा करा." आपल्याला खुर्ची मिळणार नाही, हे त्या बाईनं त्या दिवशी दोन वेळा टाईप केलं, दुसऱ्यांदा जोर देऊन. आजही आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मी रागाच्या भरात माझी खुर्ची नेऊन त्यांच्या खोलीत ठेवली, विटेसकट. संध्याकाळच्या आत मला मेमो. 'बिनहाताची खुर्ची टंकलेखन कक्षात अनधिकृतपणे आढळून आली.' बाई म्हणाल्या, "मी घरून आणू काय एक?" बडेबाबूंनी कानावर हात ठेवले. खासगी खुर्ची सरकारी खुर्च्यांत मिसळली तर रजिस्टरचा मेळ कसा बसायचा!

त्याच सुमारास ते जुने डोंगरे पेन्शनच्या कागदासाठी ऑफिसात आले. ताडमाड माणूस, आता पाठीतून असा वाकला होता की दारातून येताना आधी डोकं आलं. बडेबाबूंनी आम्हाला सुनावलं, "हे पाहा डोंगरे! एवढी वर्षं त्याच स्टुलावर बसले. एक अर्ज नाही केला!"

डोंगरे जमिनीकडं पाहत म्हणाले, "केला असता जी. पण साहेबाकडं पाहाले मान वर होत नव्हती."

* * *

आता साहेबांच्या कमरेचा किस्सा. साहेब दर तीन वर्षांनी बदलायचे, त्यांची नावं काय लक्षात ठेवायची! पण हे एक साहेब जीपमधून उतरताना लचकले. सोमवारी कंबर धरली, शुक्रवारी नागपूरहून नवी खुर्ची आली. मंजुरी, पत्र, प्रत माहितीसाठी, काही नाही. दोन ओळींचाही अर्ज नाही. साहेबांच्या पाठीला वरची मंजुरी लागत नव्हती, कारण ती पाठ आधीच वरची होती!

ते असो. जुनी गादीची खुर्ची रिकामी झाली. चांगली धडधाकट होती, नुसता टॉवेल मळला होता. बाईंनी विचारलं, "थे मले देता काय?" बडेबाबूंनी नियम काढून दाखवला. साहेबांच्या हुद्द्याची वस्तू टायपिस्टच्या हुद्द्याला देता येत नाही. तिचं आधी निर्लेखन व्हायला हवं, म्हणजे वरून मंजुरी आणून ती रजिस्टरातून कमी करायची. आणि निर्लेखन झालं की लिलाव.

दोन वर्षं ती खुर्ची कुलपात धूळ खात होती. मग मंजुरी आली, लिलाव झाला, आणि समोरच्या केस कापायच्या दुकानदारानं ती उचलली.

मी पहिल्यांदा तिथं दाढीला गेलो आणि पाठ टेकवली. काय सांगू, इतक्या वर्षांत माझ्या पाठीला असं सुख मिळालं नव्हतं! समोरच्या आरशात आमचं ऑफिस दिसत होतं. गावातला कोणीही, ट्रकचा क्लीनर असो की बाजाराला आलेला शेतकरी, त्या खुर्चीत बसू शकत होता. बसू शकत नव्हत्या फक्त निमजे बाई.

* * *

अकरा-बारा वर्षं झाली तेव्हा बाईंच्या मानेतून हातात मुंग्या यायला लागल्या. बोटं मधेच थांबायची. आवाज तुटायला लागला, आणि आम्ही मधल्या खोलीत एकमेकांकडं पाहायला लागलो.

इकडं आंधळगावला त्यांच्या वडिलांचा हातमाग बंद पडला होता. मिलचा, पॉवरलूमचा कपडा आला, हातमागाचं कोण घेतो? म्हाताऱ्यानं माग मोडून लाकूड विकलं. लग्न नाही, भाऊ नाही. आई-बाप आणि बाई, तिघांचं घर बाईंच्या दहा बोटांवर चालायचं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून स्पष्ट सांगितलं, "असंच आणखी वर्षभर बसलात, तर पुढं तुम्हाला बसताच येणार नाही." आणि चिठ्ठी लिहून दिली. पाठीला टेका द्या, पाय जमिनीला टेकू द्या, आणि दर तासाला दहा मिनिटं उठू द्या.

टेका आणि पाय यांना खर्च होता, म्हणून ते वर पाठवलं. दहा मिनिटं मात्र साहेबांनी उदार मनानं जागेवरच मंजूर केली. फक्त त्यावर लक्ष राहावं म्हणून एक नवं रजिस्टर उघडलं. तारीख, उठल्याची वेळ, बसल्याची वेळ, कारण, सही. चपराशी श्रावण दारात घड्याळ घेऊन उभा. "बाई, उठल्या? अकरा वीस. कारण काय लिहू जी?"

"लिही, पाठ."

महिनाभर रोज पाच-सहा वेळा 'पाठ' लिहून झालं. एक तारखेला साहेब म्हणाले, या नोंदींचं मासिक विवरणपत्र वर पाठवायचं आहे, तीन प्रतींत. ते टाईप कोणी करायचं?

बाईंनी केलं. दोन दिवस लागले, एकदाही न उठता.

* * *

अठ्ठ्याऐंशी साली वरच्यांच्या मनात आलं की आडवळणाच्या एखाद्या ऑफिसात कॉम्प्युटर ठेवून बघावा. आमचं नशीब! कुलूप लागेल अशी खोली एकच होती, बाईंची. तिथं हिरवी प्लॅस्टिकची चटई अंथरली, कवेलूखाली छत ठोकलं, आणि भिंत फोडून एसी बसवला.

आमच्याकडचा मे महिना ज्यानं पाहिला नाही त्याला हे कळणार नाही. टेबलावर कोपर ठेवलं की कागद चिकटून वर यायचा. इतक्या वर्षांत आम्हाला एक कूलर मिळाला नव्हता. एका पंख्याखाली सहा बाबू, आणि तो पंखाही वारा बडेबाबूंकडं ढकलायचा. आणि ते मशीन येऊन चार दिवस झाले नाहीत, तर त्याला एसी! बाहेर पाटी, 'जोडे काढून आत यावे.' श्रावण म्हणाला, "देव आला काय जी?" त्या मे महिन्यात प्रत्येकाला कॉम्प्युटरविषयी एकाएकी फार आस्था वाटायला लागली. साहेब तर डबा घेऊन आत जायचे.

बाई म्हणाल्या, "मशीनले ऊन लागते, आमाले नाही लागत. काहून? तं मशीन बंद पडते, आमी पडत नाही."

बाईंनाच नागपूरला पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं. कारण कीबोर्ड चालवणारं ऑफिसात दुसरं कोणी नव्हतं. आणि कॉम्प्युटरसोबत खोक्यातून काय निघालं असेल? खुर्ची! फिरती, पाठीची, वर-खाली होणारी. आम्ही सगळे दारात जमलो. बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. चौदा वर्षं झाली होती त्या अर्जाला.

साहेबांनी पावती पाहिली. "कॉम्प्युटरसोबत आलेली खुर्ची मौल्यवान आहे. माझ्या ताब्यात राहील." आणि ती पुढच्या खोलीत गेली, तिच्या पाठीवर टॉवेलही पडला. बाईंना तेच स्टूल, तेच डोंगऱ्यांचं टेबल, आणि आता त्यावर कॉम्प्युटर. पडदा बघायला मान वर, बटणं दाबायला हात वर!

एवढ्यावर भागलं नाही. खोक्यात एक मोठं चित्र होतं, कॉम्प्युटरसमोर कसं बसावं याचं. गोरा माणूस, पाठ ताठ, मागं टेका, कोपर पोटाशी, पाय जमिनीला पूर्ण टेकलेले. साहेबांनी ते बाईंच्या समोरच्या भिंतीवर चिकटवलं आणि खाली शाईनं लिहिलं, 'चित्राप्रमाणे बसावे. आदेशावरून.'

स्टुलावर! पाय हवेत! त्या क्षणी माझ्या हातात ती वीट असती तर काय झालं असतं, मी सांगू शकत नाही.

* * *

पुढच्याच आठवड्यात बाईंचे वडील पोरीला भेटायला ऑफिसात आले. सत्तरीचा माणूस, धोतर, टोपी, बोटांना सुताच्या जुन्या चिरा. आत आले आणि पोरीकडं पाहत उभे राहिले. मग त्यांची नजर त्या चित्रावर गेली. इंग्रजी येत नव्हतं, मराठीही जेमतेम. पण चित्राजवळ जाऊन त्यांनी बोटानं त्या गोऱ्या माणसाचं माप घेतलं. गुडघा ते टाच, कोपर ते मांडी.

"हा तं मागावर बसला हाय!" ते म्हणाले. "याले कोणं शिकवलं?"

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. हातमागाला जमिनीत खड्डा असतो. विणकर काठावर बसतो, पाय खड्ड्यात टेकतात. आणि तो खड्डा बसणाऱ्याच्या पायाच्या मापानं खणतात. "माह्या बापानं माह्या मापाचा खणून देल्ला होता. पन्नास वर्षं बसलो बाबू. पाठ पाहा माही!" आणि वळून त्यांनी मला पाठ दाखवली. काठीसारखी सरळ. ऑफिसात तशी पाठ कोणाचीच नव्हती.

"आन माही पोरगी पाहा," ते म्हणाले. "माग मोडला तवा तो खड्डा म्या माह्या हातानं बुजवला, बाबू. पोरगी सरकारात हाय, आता खड्ड्याचं काय काम, म्हणलं."

ते थेट साहेबांच्या खोलीत गेले. मी मागोमाग गेलो. साहेब फिरत्या खुर्चीत फोनवर होते.

"साहेब, माह्या पोरीले त्या चित्रासारखं बसवून देऊ काय जी?"

साहेबांनी मान वर न करता हात हलवला. "करा, करा."

बाहेर येऊन म्हाताऱ्यानं हातानं जमीन खणून दाखवत श्रावणला विचारलं, "सब्बल कोठी भेटन?"

* * *

सोमवारी ऑफिस उघडलं तेव्हा काम झालेलं होतं. रविवारभर श्रावणनं टोपल्यांनी माती काढली होती. हिरवी चटई चौकोनात कापलेली, खाली सुबक खड्डा, कडा माती-शेणानं लिंपलेल्या. काठावर घडी घातलेली वाकळ, पाठीला भिंत आणि भिंतीला तक्क्या. समोर बुटक्या चौरंगावर कॉम्प्युटर. बाई उतरल्या, बसल्या, आणि पाय खाली सोडले. बोटभर कमी पडले.

म्हाताऱ्यानं कपाळावर हात मारला. "घरी माप घेतलं तवा चपला होत्या!"

मी मधल्या खोलीत गेलो, माझ्या खुर्चीखालची वीट काढली आणि आणून खड्ड्यात ठेवली. बाईंचे पाय टेकले. पूर्ण टेकले. त्यांनी भिंतीवरच्या चित्राकडं पाहिलं, कोपरं पोटाशी घेतली, आणि टाईप करायला लागल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "गायधनेजी, चौदा वर्षांनी जमीन लागली," आणि तशाच टाईप करत रडत राहिल्या. मी दुसरीकडं पाहिलं. माझेही डोळे काही कोरडे नव्हते.

पण मी ऑफिसात मुरलेला माणूस. डोळे पुसले आणि साहेब यायच्या आत डेडस्टॉक रजिस्टर काढून स्वच्छ अक्षरात नोंद केली, 'खड्डा, बैठकीचा, कॉम्प्युटरसाठी, नग १.' अनुक्रमांक टाकला, सही केली.

साहेब अकराला आले. त्यांच्या आरडाओरड्यानं बसची वाट पाहणारे लोक आत डोकावायला लागले. "सरकारी कार्यालयात खड्डा! कोणाच्या परवानगीनं?"

"तुमीच तं 'करा' म्हणले जी," म्हातारा म्हणाला.

"आत्ताच्या आत्ता बुजवा!"

मी म्हणालो, "साहेब, तो डेडस्टॉकला चढलाय."

सगळ्यांनी बडेबाबूंकडं पाहिलं. बडेबाबूंनी रजिस्टर उघडलं, नोंद वाचली, पुन्हा वाचली. त्यांच्या कपाळावर घाम आला, एसी चालू असताना! एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला रजिस्टर. शेवटी त्यांनी रजिस्टर छातीशी धरलं.

"चढला असन, साहेब, तं मंग निर्लेखनाशिवाय बुजवता नाही येत."

* * *

खड्ड्याच्या निर्लेखनाचा प्रस्ताव पाच प्रतींत वर गेला. टाईप बाईंनीच केला, खड्ड्यात बसून, पाठ ताठ ठेवून. पाचवी प्रत लखलखीत आली.

अकरा महिन्यांनी उत्तर आलं. तोवर बाईंच्या हातातल्या मुंग्या गेल्या होत्या आणि मशीनचा आवाज पुन्हा न तुटता यायला लागला होता. पत्र बडेबाबूंनी सगळ्यांसमोर वाचलं. 'यापूर्वी कोणत्याही कार्यालयाने खड्ड्याच्या निर्लेखनाची मागणी केल्याचे दिसून येत नाही. सबब सदर खड्डा बुजविणे अनुज्ञेय नाही. तो सुस्थितीत ठेवण्यात यावा.'

पुढच्या महिन्यात साहेबांची बदली झाली. नवीन साहेब आले, कडक होते. चार्ज घेताना रजिस्टर हातात धरून ऑफिसभर फिरले, एकेक वस्तू मोजत. बडेबाबू पुढं, मी मागं. फिरती खुर्ची, नग एक, बरोबर. घड्याळ, बरोबर. घागर, बरोबर. स्टूल, बरोबर. मागच्या खोलीत आले. खड्डा, नग एक. साहेब वाकले, खड्ड्याकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं, चित्राकडं पाहिलं, आणि रजिस्टरात खूण केली.

मग त्यांचं बोट एका जुन्या ओळीवर थांबलं.

"वीट, पक्की, नग एक? ती कुठं आहे? मला दिसली नाही."

बडेबाबू माझ्याकडं बघायला लागले. मी छताकडं बघायला लागलो.

बाईंनी टायपिंग थांबवलं नाही. मानही वळवली नाही, पण त्यांची वळू शकत होती, ते मला माहीत होतं.

"माह्या पायाखाली हाय जी," त्या म्हणाल्या. "पाय काढू काय?"

साहेबांनी पेन उघडलं. "नको," ते म्हणाले, "बसा."